बारा-चोवीसचा खटका

पोस्टिंगचा ऑर्डर हातात पडला तेव्हा मला हसू आलं. लढाईत फौजेनं मला बसरा दाखवलं, बर्मा दाखवला, जहाजावर आतडी बाहेर येईपर्यंत ओकायला लावलं. आणि लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तेव्हा धाडलं कुठं? वाशीमला! माझं गाव कामरगाव. म्हणजे जग फिरून गडी परत आपल्याच बांधावर. आमची माय नाचायचीच बाकी होती. तिला वाटलं, पोरगा आता रोज जेवायला घरी येईल.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, अकोल्यात मोडायचा. साल अठ्ठेचाळीस, दिवस पावसाळ्याचे. पैनगंगेच्या पलीकडं निजामाचं राज्य होतं आणि हद्दीवर गडबड होती. गावंच्या गावं पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन इकडं येत होती. कोण कोणाला काय करत होतं ते मी सांगत बसत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी व्हेइकल इलेक्ट्रिशियन होतो, रँक हवालदार. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ हे माझं काम. लोक विचारतात, हवालदारसाहेब, किती गोळ्या झाडल्या? मी म्हणतो, फारशा नाही, मी गाड्या चालू ठेवल्या. मग त्यांची तोंडं उतरतात. उतरू द्या.

आमचा छोटा कॅम्प वाशीमच्या दक्षिणेला, पैनगंगेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी होता. नाल्यावर पूल नव्हता, रपटा होता. रपटा म्हणजे नाल्याच्या तळावर टाकलेला दगडी रस्ता. पाणी कमी असलं की चाकं भिजवून पार व्हायचं, जास्त असलं की काठावर बसून बिडी ओढायची. पॅट्रोलचा, म्हणजे गस्तीचा, ट्रक रोज सकाळी रपट्यावरून जायचा, दुपारी परत यायचा. आपली जमीन तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस पडला की ही काळी माती माणसाच्या पायातला बूट ओढून घेते, तिथं ट्रकची काय कथा! म्हणून रपट्याच्या अलीकडं उंचवट्यावर आमची रिकव्हरी लॉरी कायम उभी असायची. फसलेल्या गाडीला विंचची, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या रहाटाची, तार लावायची आणि ओढून काढायचं, एवढंच तिचं काम.

लॉरी डिझेलची होती. पेट्रोलची गाडी पुढून हँडल मारून चालू करता येते. या बयेला हँडल मारायचं तर हत्ती भरती करावा लागला असता. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर; तो फिरला तरच इंजिन घेणार, आणि त्याला लागायचे चोवीस व्होल्ट. दिवे, हॉर्न, डायनॅमो मात्र सगळं बारा व्होल्टचं. त्यासाठी लाकडी पेटीत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसवलेल्या. एरवी त्या बरोबरीनं जोडलेल्या असायच्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस, म्हणजे बाराच व्होल्ट, पण दम दुप्पट. स्टार्ट करायच्या वेळी एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडायचा, म्हणजे बारा आणि बारा चोवीस. ही अदलाबदल करणारा स्विच अशा गाडीत बसवलेलाच असतो. आमचा जळून गेला होता.

मी नव्या स्विचची डिमांड पाठवली. उत्तर आलं, अंडर अ‍ॅक्शन. परत पाठवली. परत अंडर अ‍ॅक्शन. सरकारी गाडा आपल्या चालीनं चालतो, पण पैनगंगेचं पाणी त्याच्यासाठी थांबत नाही. शेवटी कारंज्याच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून मी जुना खटका मिळवला. तांब्याची दोन पाती, लाकडी मूठ, वर आणि खाली दोन्हीकडं तांब्याचे जबडे. बोटाएवढ्या जाड केबल कापल्या, टोकांना लग, म्हणजे नटाखाली आवळायच्या तांब्याच्या कड्या, बसवल्या, दोन दिवस उपडा पडून वायरिंग केलं. मूठ वर केली की पाती वरच्या जबड्यात बसायची आणि बारा व्होल्ट मिळायचे. खाली ओढली की चोवीस. मूठ मधे उभी ठेवली की काहीच नाही. बाजूला पांढऱ्या रंगानं मोठ्ठे आकडे काढले, म्हणजे घाईत कोणी चुकायला नको.

आमचे सुभेदार बलबीरसिंग पंजाबी होते, बोलणं तोलून मापून. त्यांनी वाकून खटका पाहिला.

"चलेगा?"

"चलेगा, साब."

"नहीं चला तो?"

"तो मुझे हँडल की जगह लगा दीजिए."

ते हसले नाहीत. पण मूठ ओढून, सेल्फ दाबून त्यांनी स्वतः लॉरी चालू करून पाहिली. इंजिन पहिल्या फेऱ्यात गुरगुरलं. एवढं झाल्यावर मी सगळ्या जोडण्या पुन्हा आवळल्या आणि अ‍ॅसिडच्या वाफेनं गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलीन चोपडलं.

लॉरीचा ड्रायव्हर लान्स नाईक देवमन बाजूला उभा राहून हे पाहत होता. हा मानोऱ्याकडचा. बापाची थोडी कोरडवाहू जमीन, घरी एक बैलजोडी. फौजेत येऊन ड्रायव्हर झाला, पण डोक्यातून बैल काही गेले नाहीत. क्लच सोडताना "हो, हो, बाप्पा" म्हणायचा. चढावर लॉरी दमली की तिला शिवी हासडायचा, आणि वर पोचल्यावर बॉनेटवर हात फिरवून तिची माफी मागायचा. बॅटऱ्यांना त्यानं नावं ठेवली होती, डावी चांद्या आणि उजवी मोऱ्या.

"उस्ताद, हे लोणी कायले लावून राह्यले?" त्यानं विचारलं.

"लोणी नाही रे बाबा, व्हॅसलीन. गंज चढत नाही."

"म्हंजे बैलाची खांद मळल्यावानी."

"हाव, तसंच."

बारा-चोवीसचा हिशेबही मी त्याला बैलांवरूनच समजावला होता. दोन बैल एका जुवाखाली शेजारी असले की ओझं वाटून घेतात. गाडी गाऱ्यात रुतली की आपण पुढं दुसरी जोडी साखळीनं लावतो, तेव्हा ओढ वाढते. त्याला लगेच समजलं. जरा जास्तच समजलं.

आता रहीमखानची ओळख करून देतो. नाईक रहीमखान वाशीमचा, बाप पिंजारी, लोकांच्या गाद्या भरून द्यायचा. भरतीच्या दिवशी आम्ही एकाच रांगेत लंगोटावर उभे होतो, डॉक्टर छाती मोजत होता आणि हा माझ्या फासळ्या मोजत होता. तेव्हापासूनचा दोस्त. बर्म्यात माझा ताप उतरेपर्यंत माझी ड्युटी यानं केली. इथं तो पॅट्रोलचा कमांडर होता. त्या दिवसांत हद्दीवर मुसलमान जवानाकडं काही जण तिरकं पाहायचे, ते लपवण्यात अर्थ नाही. एकदा एका नव्या शिपायानं त्याला विचारलं, "तुमचे लोक तर पलीकडं असतील ना?"

रहीम म्हणाला, "माही माय वाशीमले आहे. तुही कुठं आहे?"

रहीमनं पुन्हा तो विषय काढला नाही आणि त्या शिपायाची रायफल साफ आहे की नाही हे मात्र रोज पाहिलं.

मग पोळा आला. देवमननं सुट्टी मागितली. घरी म्हातारा एकटा, बैल कोण सजवणार? सुभेदार म्हणाले, "स्टँडबाय. नो लीव्ह." त्यांचं बरोबर होतं. लॉरी चालवणारा दुसरा माणूस कॅम्पवर मी, आणि मला बॅटरीचं सामान घ्यायला जऊळक्याच्या स्टेशनवर जायचं होतं. देवमन सलाम ठोकून बाहेर आला आणि लॉरीच्या पायरीवर बसून राहिला. मी म्हणालो, पुढच्या वर्षी जाशील. तो म्हणाला, "बैलाईले कोण सांगन, उस्ताद?"

मी जऊळक्याला गेलो. गाडी उशिरा, सामान अर्धवट, नेहमीचं रडगाणं. पोळा मी स्टेशनमास्तरच्या ओसरीवर काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पवर परतलो. रहीम पॅट्रोलला निघत होता. ट्रकच्या मागच्या फळीवरून ओरडला, "तुह्या वाटची पुरनपोळी म्या खाल्ली बे! रडू नोको!"

"पोट फुगून मरशील," मी म्हणालो. दोस्ताला माणूस बोलतो तसं बोललो. ट्रक रपट्यावरून गेला तेव्हा पाणी टायर भिजेल इतकंच होतं.

दुपारी कॅम्पवर चांगलं कडक ऊन होतं. वर डोंगराकडं कुठंतरी पाऊस कोसळला असणार, कारण नाल्याचा रंग बदलला. आधी पाणी तांबूस झालं, मग त्यात काड्या-पाचोळा दिसू लागला. नाल्याकाठच्या माणसाला ही खूण कळते. सुभेदार काठावर आले. त्याच वेळी पलीकडून पॅट्रोलचा ट्रक रपट्यावर उतरला. आम्ही हात हलवून थांबा म्हणालो. ड्रायव्हरला वाटलं, या म्हणतायत. नाल्याच्या मध्यावर पोचला आणि वरून लोंढा आला. पाणी बॉनेटपर्यंत चढलं, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

ट्रकमध्ये सहा जण होते. रहीम धरून सहा.

सुभेदार ओरडले, "लॉरी स्टार्ट! केबल भेजो!"

आम्ही दोर फेकला. रहीम ट्रकवरून उतरला, पाणी त्याच्या कमरेच्या वर होतं. बंपरला एक हात गुंडाळून त्यानं दोर पकडला, दोराला बांधलेली विंचची तार ओढून घेतली आणि हुक ट्रकच्या पुढच्या कडीत अडकवला. मग परत वर चढला. त्याचं काम झालं होतं. आता फक्त विंच फिरायला हवी होती, आणि विंच लॉरीच्या इंजिनावर चालायची.

देवमननं मूठ खाली ओढली, सीटवर उडी मारून सेल्फ दाबला. आवाज आला, टक. त्यानं परत दाबला. टक. इंजिन हललंसुद्धा नाही.

मी धावलो. मूठ वर करून दिवे लावले. लख्ख पेटले. म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या होत्या. मूठ खाली, सेल्फ, टक. म्हणजे जोडणीत दोष. मी पेटीचं झाकण उघडलं आणि मला तुपाचा वास आला. जळक्या तुपाचा आणि हळदीचा. समोर नाल्यात सहा माणसं आणि माझ्या नाकात सणाचं घर! आजही सून तव्यावर पोळीला तूप सोडते तेव्हा मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. तिला कारण ठाऊक आहे.

"देवमन, काय केलंस?"

"खांद मळली, उस्ताद."

"कशाची?"

"या दोघाईची. परवा खांदशेकणी होती. तूप-हळद लावली. खटक्याच्या पात्याईले बी."

"नट सोडून?"

"जू काढल्याबिगर खांद कशी मळाव? अन् पोळ्याच्या दिवशी जू ठेवत नाही मानेवर. काल दिवसभर मोकळंच ठेवलं. आज सकाळी चार्जिंगले लावायच्या टाइमले परत आवळलं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदशेकणी असते. जू घासून घासून बैलाचा खांदा सोलला जातो. त्या खांद्याला तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोळ्याला त्याच्या मानेवर जू चढवायचं नाही. घरी जाता आलं नाही म्हणून देवमननं हे सगळं लॉरीच्या बॅटऱ्यांना केलं होतं. त्यांना आवतन दिलं होतं. मी व्हॅसलीन लावलेलं त्यानं पाहिलं होतं, पण मी ते आवळल्यानंतर वरून लावलं होतं. त्यानं लग काढून आतून लावलं. तुपावर रस्त्याची धूळ बसून त्याचा चिकट लेप झाला होता. दिव्यांना करंट थोडा लागतो, तेवढा जात होता. सेल्फला शेकड्यांनी अँपिअर लागतात. ते त्या लेपातून जात नव्हते, नुसतं तूप तापत होतं.

मी त्याला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही, त्याची माणसं अजून आहेत. शिवी देता देताच पाना हातात घेतला.

"कितना टाइम?" सुभेदारांनी विचारलं.

"पाँच मिनट, साब."

त्यांनी नाल्याकडं पाहिलं. "पानी नहीं देगा."

मी लग सोडले, वाळू आणि फडक्यानं घासले, पान्यानं परत आवळले. देवमन दुसऱ्या बाजूनं तेच करत होता. तेवढ्यात काठावरून ओरडा झाला. ट्रकचं मागचं चाक रपट्याच्या कडेवरून सरकलं होतं. जवान मागच्या भागातून केबिनच्या टपावर चढत होते. रहीम खाली उभा राहून एकेकाला वर ढकलत होता.

बॅटऱ्यांचे लग साफ झाले, पण खटक्याचे जबडे राहिले. त्यांच्या आत बोट जात नव्हतं, फडकं जात नव्हतं. मी म्हणालो, "खटका सोड. सरळ जोडू." एका बॅटरीचा मायनस आणि दुसरीचा प्लस, यांच्यामधे जाड केबलचा तुकडा टाकला की चोवीस व्होल्ट थेट सेल्फला मिळणार होते. पण तो आवळायला वेळ नव्हता. कोणीतरी दाबून धरायला हवा होता.

"मी धरतो," देवमन म्हणाला. "तुमी सेल्फ मारा."

"तोंड मागं ठेव. चार्ज झालेल्या बॅटरीतून गॅस निघतो. ठिणगी पडली तर फुटन."

"हाव."

"देवमन, ऐकलं का?"

"ऐकलं, उस्ताद. मारा."

मी सीटवर चढलो आणि सेल्फ दाबला. इंजिन फिरलं. जडपणे एक फेरा, दुसरा, तिसऱ्याला धूर सोडून पेटलं. त्याच क्षणी बाजूला बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. उन्हात तापलेल्या पेटीत सकाळपासून गॅस साठलेला होता. केबल थोडी सरकली, ठिणगी पडली आणि एक बॅटरी फुटली. दाब सुटू नये म्हणून देवमन केबलवर वाकला होता. त्यानं तोंड मागं ठेवलं नव्हतं. सगळं अ‍ॅसिड त्याच्या तोंडावर गेलं.

तो खाली पडला. दोन्ही हात डोळ्यांवर. मी उतरायला लागलो.

"इंजन बंद करू नोका!" तो ओरडला. "उस्ताद, इंजन बंद करू नोका!"

डिझेल इंजिन एकदा पेटलं की त्याला बॅटरी लागत नाही. त्याला हे ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं. पण कॅम्पवर विंच चालवणारे दोघंच होतो, एक मी आणि एक जमिनीवर पडलेला. सुभेदार बादली घेऊन त्याच्याकडं धावले आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "विंच!"

मी विंचच्या सीटवर बसलो. त्या सीटचं तोंड मागं, तारेच्या बाजूला असतं, म्हणून नाला माझ्या समोर होता. तार ताणली गेली, ट्रक हलला. एकदम ओढलं असतं तर उलटला असता, म्हणून हळूहळू ओढत राहिलो. पाच जण जिवंत काठाला आले. नाईक रहीमखान आला नाही. तो दुसऱ्या दिवशी खाली दूर, बाभळीच्या झुडपात सापडला. गावकऱ्यांनी त्याच्यावर धोतर पांघरून ठेवलं होतं आणि आम्ही येईपर्यंत दोघं जण कुत्री हाकलत बसले होते.

पहिल्यांदा सेल्फ दाबला तेव्हाच इंजिन पेटलं असतं तर सहाही जण कोरडे घरी गेले असते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत हे मी सांगितलं आणि माझ्या आधी देवमननं सांगितलं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, दोन माणसांच्या आधारानं उभं राहून सांगितलं. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, "साहेब, वर्षभर त्याईच्याकडून काम घेतलं होतं." साहेब मराठी नव्हते. दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे. शेवटी अपघात असं लिहिलं गेलं. देवमनचे दोन्ही डोळे गेले, फौज गेली.

मला त्याचा राग होता. खोटं कशाला बोलू, फार राग होता. त्याच्या बावळटपणानं माझा दोस्त खाल्ला असं वाटायचं. दवाखान्यात त्याला भेटायला गेलो तो दोन शब्द सुनवायलाच. कॉटपाशी उभा राहिलो तर तो म्हणाला, "उस्ताद, पावलाच्या आवाजावरून ओळखलं तुमाले. मले रहीमखानच्या मायकडं न्या. मले तिले सांगाचं आहे."

त्याला दवाखान्यातून सोडल्यावर मी त्याचा हात धरून वाशीमला नेलं. रहीमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. अंगणात कापसाची गाठोडी, भिंतीला टेकवलेली पिंजण. बाप आधीच वारला होता. माय बाजेवर बसली होती. मला ओळखत होती, देवमनला नव्हती. त्याच्या चेहऱ्याकडं पाहून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या अल्ला! बस बेटा, बस."

तो बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पोळा, खांदशेकणी, तूप, हळद, खटका, सेल्फ. काही लपवलं नाही. मग म्हणाला, "माय, तुह्या पोराले म्या मारलं."

आम्हाला वाटलं आता शाप देईल. मी असतो तर दिला असता.

"बेटा, मले ते बॅटरीचं काही समजत नाही," ती म्हणाली. "तू मले हे सांग, तो आखरीले कसा होता? ओरडला का? घाबरला का? पाच जण येऊन गेले, सगळे म्हनतात आमी टपावर होतो, पाठमोरे होतो. तू काठावर होता. तू सांग."

देवमनचे ओठ हलले. "मले दिसलं नाही, माय. तवा माहे डोळे गेलते."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

काठावरून ते धडपणे पाहिलेला माणूस मीच. सुभेदार देवमनच्या डोळ्यांवर पाणी ओतत होते, बाकीचे दोर सांभाळत होते. मी विंचच्या सीटवर, तोंड नाल्याकडं. मी इन्क्वायरीतही हे नीट सांगितलं नव्हतं, तिथं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो, माय."

ट्रक हलला तेव्हा चार जण टपावर होते. पाचवा घाबरून मागच्या फळीला चिकटला होता, हात सोडत नव्हता. रहीमनं त्याच्या पट्ट्याला धरून त्याला उचललं, खांद्यानं वर लोटलं. त्या लोटण्यात त्याच्या पायाखालची फळी तुटली. तो पाण्यात गेला, आणि एकदा वर आला. ट्रकपासून बराच खाली. माझा हात विंचच्या लिव्हरवर होता. विंच थांबवून त्याच्याकडं दोर टाकायचा, असं माझ्या मनात आलं. थांबवली असती तर ट्रक परत रपट्याखाली सरकला असता, पाच जणांसकट. हे मला ठाऊक होतं, तरी हात लिव्हर मागं घ्यायला निघालाच होता. रहीमनं माझ्याकडं पाहिलं आणि पाण्यातून एक हात वर केला.

"बुलाता था तुझे?" म्हातारीनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "बलावत होता?"

"नाही, माय. विंच चालवणाऱ्याला आवाज ऐकू जात नाही, म्हणून आमच्यात हाताच्या खुणा असतात. मूठ मिटली म्हणजे थांब. एक बोट वर करून गोल फिरवलं म्हणजे ओढत राहा. त्यानं बोट वर केलं आणि गोल फिरवलं."

"घाबरला नव्हता?"

"घाबरला असन, माय. पण खूण बरोबर दिली."

तिनं आपला हात वर केला. एक बोट ताठ करून हळूहळू गोल फिरवलं. "असा?"

"असाच."

देवमननं विचारलं, "काय करून राह्यली माय? काय केलं तिनं?" तेव्हा म्हातारीनं त्याचा हात धरला, त्याचं बोट सरळ केलं आणि हवेत गोल फिरवून दाखवलं. मग तो खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मीही रडलो. ती रडली नाही, आमच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

त्यानंतर ती होती तोवर प्रत्येक सुट्टीत मी तिच्याकडं गेलो. दर वेळी चहा झाला की ती म्हणायची, "सांग." मी तेच सांगायचो, त्याच क्रमानं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी ती बोट वर करायची आणि विचारायची, "असा?" मी म्हणायचो, असाच.

आता ती राहिली नाही. देवमनही गेला. म्हणून तुमाले सांगून राह्यलो. नाईक रहीमखान, राहणार वाशीम. त्यानं थांब म्हटलं नाही.